लांब नाकाचा प्लग

अण्णा,

आज टपालानं पार्सल आलं. दोन स्पार्क प्लग, एक पॉलिशपेपर आणि तुमच्या नातीची चिठ्ठी. एका प्लगचे एकशेवीस, पेपरचे दहा. दुसऱ्या प्लगसमोर तिनं 'फुकट' लिहिलंय. ती लातूरला कोचिंगला असते, म्हणून तिलाच आणायला सांगितलं, तर ती नेमकी चाचांच्या दुकानात गेली. ज्यांच्याशी तुम्ही एका प्लगपायी मरेपर्यंत बोलला नाहीत, ते चाचा. लिहिते, "फार म्हातारे झालेत. गाडी कुणाची विचारलं, आजोबांची म्हटलं, तर माझ्या तोंडाकडं बघूनच राहिले. एकाचे पैसे घेईनात. 'अम्मी बरी हाय ना?' एवढंच विचारलं."

तुमची गाडी आता आमच्याकडं नांदेडला आहे. हे तिच्यावरून मोंढ्यातल्या गर्दीत जातात, म्हणजे दहा पावलं चालायची आणि थांबायचं. दर चार दिवसांनी प्लग काळा, ओला, तेलकट व्हायचा. इथला मिस्त्री म्हणाला, "ताई, गाडी म्हातारी झाली, प्लगचा काय कसूर? भंगारात द्या." मी म्हटलं, "माणूस म्हातारं झालं की भंगारात देता का? गाडी रांगतीय, पेट्रोलमध्ये मिसळलेलं तेल जळंना झालंय. एक पायरी गरम प्लग लागतो तिला." हे हसले, "आता तूच टाक दुकान." हसू देत. गेल्या महिन्यात मीच बघून तसा एक बसवला, आठ दिवसांनी खोलला तर तोंडाला बेसन खरपूस भाजल्यावर येतो तो रंग. देवाच्या कृपेनं अजून एकदाही बंद पडली नाही. लांबच्या रस्त्याला मात्र हा चालायचा नाही, पिस्टन जाईल. नायगावला जायचं तर आधीचा थंड प्लग परत लावते. हे सगळं तुमचंच.

तुम्ही शिकवलंत ते भूकंपाच्या वर्षी, लातूरला. आपण ताडपत्रीखाली राहतोय. गल्लीतल्या बाया पहाटे भाकऱ्या थापतात, तुम्ही त्या गाडीला बांधून पडलेल्या गावांकडं निघता. रस्ता ट्रकांनी भरलेला, गाडी मुंगीच्या चालीनं, आणि प्लग तेलानं गच्च. "एक पायरी गरम आण चाचांकडून," म्हणून तुम्ही मला पाठवलंत. दुसऱ्या दिवशी औशाच्या अलीकडं गाडी ठप्प झाली. भाकऱ्या कुणाच्या तरी ट्रकवर चढवून तुम्ही गाडी ढकलत घरी आलात. प्लग खोलून माझ्यासमोर धरलात. "नंबर वाचलास, प्लग नाही वाचलास. हे आतलं चिनीमातीचं नाक बघ. लांब नाक तापलेलं राहतं, चिकटलेलं तेल जाळतं. आखूड नाक गार पडतं. हे आखूड आहे." मग तसेच चाचांच्या दुकानात गेलात, मी मागं. "लोक मातीखाली गेलेत आन् तू मला थंड प्लग देतो? काय पण खपवायचं का?" भर बाजारात. चाचांनी माझ्याकडं एकदा बघितलं. म्हणाले, "चूक झाली भाऊ. माझीच गलती." पुढं ईदला त्यांच्याकडून शीरखुर्म्याचा डबा आला, तो तुम्ही आल्या पावली परत पाठवलात.

अण्णा, चूक त्यांची नव्हती. तुमच्या नेहमीच्या कंपनीचा प्लग त्यांच्याकडं संपला होता, दुसऱ्या कंपनीचा होता. त्यांनी मला दोनदा सांगितलं, "बेटी, ह्या कंपनीचा नंबर उल्टा चालतो. लहान नंबर गरम." मी नुकतीच मॅट्रिक झाले होते. मोठा आकडा म्हणजे जास्त गरम, एवढं काय कळत नाही मला, असं म्हणून मोठ्या नंबराचा उचलून आणला. दुकानात त्यांनी माझ्याकडं बघितलं तेव्हा मी मान खाली घातली. नंतर तुम्ही वारंवार म्हणायचात, त्या माणसानं विश्वास घालवला, आणि मी तुम्हाला ताट वाढत राहायचे.

रविवारी लेकीला भेटायला लातूरला जाणार आहे. चाचांच्या दुकानात जाऊन माझं मी सांगणार, ते ठरलंय. पण तुमच्या वतीनं माफी मागायचा अधिकार मला आहे की नाही, ते कळत नाही. हे पत्र पेटीत पडणार नाही हे माहीत असून विचारते. मागू का? उलट टपाली कळवा.