याडीची उशी

यवतमाळ,
१९ फेब्रुवारी २०१८

लालीबाईंना भावजय वर्षाचा जय सेवालाल,

बाई, तुमच्या भावाची तब्येत बरी आहे. चेन्नईहून आल्यापासून अंगावर थोडं मांस चढलं. गोळ्या वेळच्या वेळी देऊन राह्यली. नवीन काळीज मुकाट्यानं काम करते, जुन्यासारखे नखरे नाहीत त्याचे. पाणी उकळून, भाजी शिजवून, कच्चं काहीच नाही. मीठ लावून टमाटर मागतात, मी नाही म्हटलं की तोंड फुगवून बसतात. लहानपणी तुमी लाडावून ठेवलं, भोगा मले लागते!

याडीले सांगा, मायनं लेकासाठी शिवलेली उशी पोचली. आपल्या काचळीचे, अंगातल्या चोळीचे आरसे काढून तिनं खोळीले लावले, बापरे, केवढी मेहनत! घरच्या कापसातून सरकी बोटानं काढली म्हणे. त्याईले फार आवडली. झोप चांगली लागते.

होळीले आमचं येणं होत नाही. डॉक्टरनं गर्दी, धूळ, धूर, सारं मना केलं. तांड्यातून इकडंही कोणी येऊ नका, मागून पाहू. मामाजीले नमस्कार.

बाई, इथपर्यंत याडीले वाचून दाखवा अन् कागदाची घडी करा. खालचं एकटीनंच वाचा.

फोन कायले नाही केला म्हणसान. खोली एकच, पडदा ओढला तरी तुमचे भाऊ सारं आयकतात. अन् तुमचा फोन वाजला की याडी कान लावूनच बसते. तांड्यातला पूनमसिंग ढाणकीच्या बसनं तिकडं येऊन राह्यला, त्याच्या हाती चिठ्ठी देते.

बाई, त्याईले ताप आहे. खोकलाही. ते म्हणतात साधी सर्दी आहे, कायले घाबरते. घाबरू नाही तं काय करू? दुसऱ्याचं काळीज म्हणजे अंगासाठी परका माणूस, अंग त्याले हाकलायले धावते. म्हणून गोळ्या देऊन अंगाची राखण ढिली केली आहे. दारातलं कुत्रं बांधून ठेवलं की पाव्हण्याले चावत नाही, पण मग चोरही खुशाल आत येते. डॉक्टरनं दहादा बजावलं होतं, ताप आला तं वाट पाहाची नाही.

तुमाले आठवते न, आम्ही चेन्नईहून आलो तवा याडी भेटायले आलती. दारातूनच तिनं हात पसरले. आपल्यात इतक्या दिवसांनी लेक भेटला की माय गळ्यात पडून, गाऊन गाऊन रडतेच. नाही रडली तं लेक परका झाला. मी मधात उभी राह्यली. म्हटलं, याडी, हात धुवा, मास्क लावा, दुरूनच बसा. तिनं रडणं गिळलं हो बाई, माझ्या डोळ्यादेखत गिळलं. मंग दुरूनच म्हणाली, "जीवन, दुसऱ्याचं काळीज बसवलं, ते मले वळखते का रे?" हे नुसते हसले. याडी गेली, अन् काही दिवसांनी उशी आली.

मी ती प्लास्टिकच्या पन्नीत बांधून वर ठेवली. कापूस कुठला ते मले माहीत होतं. दिवाळीआधीच्या पाण्यात भिजलेला, अळीनं खाल्लेला, भाव नाही म्हणून घरात छपरापर्यंत भरलेला. तुमी सारे त्याच्यावरच झोपता, तुमाले काही होत नाही. पण ओल्या कापसाची बुरशी तुमच्या भावाच्या छातीत घर करू शकते, हे डॉक्टरनं सांगितलं होतं. मी नळावर गेली की तुमचे भाऊ उशी खाली काढत अन् तिच्यावर तोंड ठेवून पडत. परवा दाढीत कापसाचा धागा दिसला. मी ओरडली, "हे काय करून राह्यले? मराचं आहे का?" तं लेकरावानी म्हणतात, "याडीचा वास येते, वर्षा."

उशी आंगणात नेली, तोंड बांधून शिवण उसवली. आतला कापूस करडा पडलेला, कुबट वास. तिथंच जाळला.

नागपूरच्या डॉक्टरले फोन केला, उशीचंही सांगितलं. ते म्हणाले, आत्ताच्या आत्ता आणा. छातीचा फोटो काढल्याबिगर बुरशी आहे का दुसरं काही, समजत नाही म्हणे. दुसरंच असो देवा. पण मले लय भेव वाटते, बाई. इतकं भेव चेन्नईतही नव्हतं वाटलं. तिथं चारी बाजूनं डॉक्टर होते, इथं मी अन् हे थर्मामीटर.

घरातला कापूस बाहेर काढाले लावा. मामाजी चिडतीन, चिडू द्या. घुशी झाल्या म्हणा, काहीही म्हणा. याडी दुसरी उशी शिवून राह्यली म्हणे. तिले शिवू द्या, हात धरू नका. फक्त पाठवू नका. पोचली म्हणून मी सांगन.

अन् एक मागते. काही बरंवाईट झालं, जळो माझी जीभ, तं याडी गळा काढन. तिच्या रडण्यात सारं येते, पाळणा येते, पहिली भाकर येते. त्यात उशीही येईन. "म्या दिली" म्हणून येऊ द्या बाई, "म्या मारलं" म्हणून नको. ते आता तुमच्याच हाती आहे. उशीचं कोणालेच सांगू नका, मामाजीलेही नाही.

नागपूरले न्यायची गाडी आली. हे खाटेवर बसले आहेत. खोळ मी उकळून, उन्हात वाळवून दिली, ती रिकामी खोळ मांडीवर घेऊन. विचारलं, याडीले काय लिहू? धाप लागली होती, थांबून म्हणाले, "लिही, वळखते."

हे वरच्या भागात लिहाचं राह्यलं. तेवढं तिले वाचून दाखवा, अन् वाचताना आवाज हलू देऊ नका.

तुमच्याच भरोशावर,
वर्षा