पेठेतून रोहिणी

८ मे

त्या सभेत मी असते तर? माहीत नाही.

नीलमने विचारलं आज, विहारातल्या मुलांच्या वर्गात. मी बुद्ध जयंतीच्या देखाव्याची गोष्ट सांगत होते – रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय भांडले, शाक्यांच्या सभेत लढाईसाठी सगळ्यांचे हात वर, एकटा सिद्धार्थ नाही म्हणाला आणि त्याला घर सोडावं लागलं. सातवीतली पोर पटकन – "ताई, तुमी असत्या तर हात वर केला असता का?"

घरातली पहिली बी.ए. मी – आणि फळा पुसायला वळले!

घरी आई टीव्हीपुढं. सीमेवर लढाई पेटल्यापासून टीव्हीवर भोंगा वाजला की एवढ्या लांब आमच्या पालम गावातही लोक आभाळाकडे बघतात. माझ्या फौजी भावाची, सुगतची सुट्टी रद्द झाली, तो सीमेवर परत गेला, तेव्हापासून आईनं भाजीची गाडी बाहेर काढलेली नाही. त्याचा फोन लागत नाही.

९ मे

जयंती कमिटीची बैठक. यंदा ट्रॉलीवर रोहिणीचा देखावा नाही – प्लायवूडचा रणगाडा, आणि वर बंदूक घेतलेल्या सुगतचा मोठा फोटो! फ्लेक्स पेठेतले दुकानदार अण्णाराव यांनी करून दिला. "टँक असंल तर मिरवणूक पेठंतून आणा, आमीच फुलं टाकू," असं म्हणाले म्हणे. आजवर आमच्या वस्तीच्या मिरवणुकीला पेठ बंद, मागचा, नाल्याकडचा रस्ता.

अध्यक्ष नागनाथकाका माझ्याकडे न बघता म्हणाले, "पोरी, ह्या रस्त्यापायी माजे केस पांढरे झाले. आता न मागता मिळायलाय."

खोटं नव्हतं ते. म्हणूनच बोलणं अवघड.

हात वर करा म्हणाले. माझा हात मांडीवरच राहिला – पण तोंडही उघडलं नाही. काकांनी लिहिलं, सर्वानुमते. म्हणजे गप्प बसणाऱ्याचं मतही लढाईलाच!

१० मे

लढाई थांबली! संध्याकाळी बातमी आली. आई रडली. बाहेर चौकात पोरं चिडलेली – "एवढ्यात कसं काय थांबवलं राव! मजा यायलती."

मजा!

११ मे

सुगतचा फोन. "धम्मे, बरा हाय मी. औंदा सिद्धार्थ कोन व्हायलाय?"

पाचवीत तोच झाला होता. 'माझा हात वर जाणार नाही' – एवढंच वाक्य. तेही विसरला आणि ट्रॉलीवर रडत बसला! यंदा तूच आहेस, पण रणगाड्यावर, हे त्याला सांगवलं नाही.

फोन आईकडे दिला आणि तडक विहारात गेले.

"काका, माझं मत विरोधात लिहा."

"लढाई थांबली की आता! टँक नुसता शोभेला."

"मग शोभेला रोहिणी ठेवा."

"फौजीची बहीन असून?"

"म्हणूनच!"

"पेठ हातची जाईल, येडे." मागून कुणीतरी – "शिकली ना लय."

आई कधी येऊन उभी राहिली, कळलंच नाही. "फोटू माज्या पोराचा हाय. खाली घ्या." कुणी हलेना. तिनंच दोऱ्या सोडल्या, फ्लेक्सची गुंडाळी काखेत मारली. दारातून वळून काकांना म्हणाली, "आन् भाऊजी, माजी भाजीची गाडी रोज पेठंतून जाती. तिला कोन अडवतंय?"

१२ मे, पौर्णिमा

फ्लेक्सची मागची बाजू पांढरी असते. आईनं आधी कात्रीनं सुगतचा चेहरा कापून घरी ठेवला. उरलेल्याला मी निळा रंग दिला. झाली रोहिणी – भाजीच्या गाडीवर! काकांची मिरवणूक निघायच्या आत गाडी पेठेत नेली. मागं नीलम आणि वर्गातली पोरं.

फुलं पडली नाहीत. अण्णाराव दुकानातून – "टँक कुठाय?" आई – "आज नदी आनलीय."

पेठेच्या मधोमध गाडी थांबवली आणि ओरडून म्हटलं – माझा हात वर जाणार नाही!

सुगत विसरला होता. मी नाही विसरले.