एकरभर लसूणघास

दारव्हा,
२१ नोव्हेंबर २००७

प्रिय नयन,

तू नेरला मामाकडे जाऊन बसल्यापासून घरात माझ्याशी वाद घालणारं कुणी उरलं नाही. तुझ्या दोन्ही गाई बऱ्या आहेत. तांबडी मात्र कासेला हात लावू देत नाही. मला तर तिनं लाथच दाखवली. योग्य केलं.

परवा मी त्या कृषी केंद्रवाल्याला चारचौघांत फैलावर घेतलं. "आमच्या गाईंची लसूणघास तुझ्या तणनाशकानं जळाली, नकली माल विकतोस," असं त्याला म्हणाले. तो बापडा म्हणाला, "बाई, हेच औषध बबनरावनं नेलं. त्याची घास पाहून या न एकदा!" येताना पाहिली. नुसतं तण पिवळं पडलेलं, घास हिरवीगार. आपली कोवळी रोपं मात्र पिळवटून गेलीत. कापसानं तीन वर्षं दगा दिल्यावर पुंडलिकदादाला तू किती मिनतवाऱ्या करून दुधाकडे वळवलंस! आणि घास जळताच तो म्हणाला, "पोरीच्या नादानं वावर गेलं. नांगरतो, हरभरा पेरतो, गाई इकून टाकतो." तू उलटून एक शब्द बोलली नाहीस. खरं तर बोलायला हवं होतंस.

फवारणीच्या सकाळी तू विचारलंस, "आत्या, पंप नीट धुतला ना?" आठवड्यापूर्वी त्याच पंपानं आपण धुऱ्यावरचं, बांधावरचं गाजरगवत जाळलं होतं. गाजरगवताचं ते औषध लसूणघासेलाही तसंच जाळतं, म्हणून पंप सोडा घालून तीनदा धुवायचा, हे डब्यावरचं इंग्रजी मीच तुला कॉन्व्हेंटच्या ऐटीत वाचून दाखवलेलं. प्रत्यक्षात मी एकदा पाणी खळबळून ओतलं, आणि वर तुझ्यावरच खेकसले, "मला शिकवतेस?" घास जळाल्यावर सगळे तुला बोलत होते, तेव्हा मी दुकानदाराला शिव्या देत होते.

आज ट्रॅक्टर वावरात शिरला, तेव्हा मात्र राहवलं नाही. शेजारच्या वावरात निंदायला आलेल्या मैनाबाईसमोरच दादाला सगळं सांगितलं. ती पदर तोंडाला लावून म्हणाली, "अवो माय, शिकल्यासवरल्या बाईनं असं करावं!" दादानं ट्रॅक्टर परत पाठवला. संध्याकाळी म्हणाला, "उद्या घासेचं बियाणं आणतो. पण पोरीले कोण्या तोंडानं बोलावू? चूक तुही, तूच लिही." बेटा, मी खोटं बोलले आणि तुला बोलणी खाऊ दिली. मला माफ कर. दादाचं तोंडही उतरलं आहे. पेरणी तुझ्याशिवाय होणार नाही, ये.

तुझीच,
सुनीतीआत्या