विहिरीसाठी वर केलेला हात

आये, सकाळपासून मी नुसती उठते आहे, बसते आहे. आपल्या बाळकुमच्या देवळाजवळची विहीर बुजवायची म्हणून महापालिकेने नोटीस लावली आहे. मुदतीत कोणाची हरकत आली नाही तर सगळ्यांची संमती आहे असं समजणार म्हणे. ते वाचलं आणि तू आठवलीस. खरं सांगायचं तर तुझ्यावरचा माझा जुना राग आठवला.

आपली गावकी अशीच चालायची. देवळापुढे पुरुष बसायचे, पाटील विचारायचा, "कुणाची हरकत?" सगळे गप्प, म्हणजे ठरलं. बाबा गेल्यावर आपल्या घरातून काका बसायचे आणि तू मागे बायकांत, भिंतीला टेकून. स्वातंत्र्य आलं, पंचायत आली, तरी गावाची सवय तीच. नव्या विहिरीची जागा ठरवायला कचेरीतले साहेब आले, तेव्हा मी तुझ्या मांडीला खेटून बसले आहे. साहेब म्हणतात, "विहीर देवळाजवळ हवी त्यांनी हात वर करा." गाव गप्प. सगळ्यांना तीच जागा हवी, म्हणून सगळे खुशाल गप्प! साहेब चक्रावतात. "बरं, मिठागराच्या बाजूला?" आणि तुझा हात वर जातो. एकटीचा. आपलं घर तिकडेच, आणि बांधावरून हंडे वाहून तुझी मान कायमची आखडलेली.

"वयनी, हात खाली कर!" काका ओरडले.

"आता कशाला?" साहेब हसले. "मत एकच पडलं, पण पडलं. मिठागराकडची जागा मंजूर."

मला वाटलं, सुटलो एकदाचे. तर तू पदर सावरत उभी राहिलीस.

"नाय साहेब, पुन्ना इचारा. तेंना समजलाच नाय हात कवा वर करायचा. आशी चुकून मिललेली इहीर मना नको."

पुन्हा विचारलं आणि देवळासाठी अख्ख्या गावाचे हात वर झाले. विहीर तिथेच झाली, आणि लग्न होईपर्यंत मी बांधावरून पाणी वाहिलं. किती चिडायचे मी तुझ्यावर! तू एवढंच म्हणायचीस, "आता आपल्याला इचारतान तरी." पुढच्या सभेत तुझ्या शेजारच्या बायकांचेही हात वर गेले, हे मी पाहिलं होतं. पण त्याने माझा हंडा काही हलका झाला नाही.

"अगं आई, मोबाइलवरूनच टाक ना हरकत," मुलगा मघाशी म्हणाला. उद्या मुदत संपते आहे. हरकत लिहायला म्हणून बसले आणि तुलाच लिहीत सुटले. आये, ती विहीर बुजावी असंच मला मनातून वाटतं. पण तसं हात वर करून सांगायची हिंमत माझ्यात नाही. म्हणून गावासारखी मी गप्प बसले आहे.