पुलाच्या पायथ्याची शिळा

एतवादादा,

आपल्या रेल्वेमार्गाच्या इतिहासावरचं तुझं पुस्तक मिळालं. गोऱ्या इंजिनियरने पुलासाठी ‘आसपास पडलेल्या शिळा’ वापरल्या, असं कौतुकाने लिहिलंयस. पडलेल्या? आपण मुंडा लोक ज्यांच्याखाली अस्थी पुरतो, त्या शिळा होत्या त्या! पायथ्याची तर आपल्याच कुळाची. आई दर साली तिच्यावर तांदळाची दारू ओतायची, तेव्हा तू तिचा पदर धरून उभा असायचास.

मुखपृष्ठावर त्याच शिळेवर बूट ठेवून उभा आहेस. आईने विचारलं, “हा कोण गं मेला, आपल्या माणसांच्या छातीवर?”

मी म्हटलं, “असेल कुणी दिल्लीचा.”

गेल्या महिन्यात आई गेली. तिच्या अस्थी त्याच शिळेखाली पुरल्या. तुला कळवलं नाही, हे पत्रही टाकणार नाही. पुढच्या पुस्तकाच्या फोटोला खुशाल तिथेच उभा राहा.

सालगी