समोरचा उजेड

१२ जाने. १९५८, रवि.
दुकान बंद. दिवसभर फ्लॅशचा नाद. पौडला वीज नाही. मुळशीच्या धरणाची वीज घाट उतरून मुंबईला जाते, आम्ही कंदिलावर. म्हणून बॅटरीची फ्लॅशगन आणली. बल्ब एकदाच पेटतो, उगाच कुणाच्या तोंडावर उडवायचा नाही. शेजारणीचा नुकताच टाकी लावलेला पाटा मागून आणला, भिंतीशी उभा केला. खिडकीचा उजेड बाजूने घेतला, तर खळगा न् खळगा मोजून घ्यावा. मग तोच पाटा, फ्लॅश थेट समोरून. प्लेट धुतली. खळगे गायब. गुळगुळीत! पुण्याच्या स्टुडिओत चार वर्षं काढली, हे कुणी शिकवलं नाही.

१६ जाने.
आबा गावाहून, म्हणजे कासार आंबोलीहून, स्वतः दुकानात आले. बहिणीला, हौसाला, माले गावचं स्थळ जमतंय. मुलगा मुंबईला गिरणीत, रजा नाही. त्याची आई नि मामा तिला बघून गेले, कामाची पोरगी म्हणून त्यांना पसंत. मुलगा मात्र म्हणतो, आधी फोटो पाठवा. आबा बराच वेळ कॅमेऱ्याकडे बघत बसले. मग, "तुज्या त्या पेटीत काय करता आलं तर बघ."
हौ. माझ्याहून सहा वर्षांनी लहान. देवी आल्या तेव्हा सातची. मी पुण्याला मावशीकडे शाळेत होतो, मला टोचलेलं. तिचं राहून गेलं. तोंडभर वण. घरात त्याबद्दल कुणी बोलत नाही.

१९ जाने. रवि.
हौ.ला आणली. आधी उत्तरेच्या खिडकीशी बसवली, पलीकडून पांढरं धोतर टांगलं. असा चेहरा मी आजवर उतरवला नव्हता. ओठ मिटून दाबलेलं हसू, कपाळ, डोळे. आणि सगळे वण.
मग समोरून फ्लॅश. तिचे डोळे मिटले. दुसरा बल्ब. या खेपेला उघडे.
पाटा अजून भिंतीशीच होता. "ह्यो कशाला रं दादा?" सांगितलं. सांगायला नको होतं.
"म्हंजी आदी पाट्यावर, मग माज्यावर." हसली.

२३ जाने.
दोन्ही प्रिंट घरी नेल्या. खिडकीतली बघून हौ. म्हणाली, "ही मी." फ्लॅशची दिसली तशी पदराला हात पुसून ती घेतली नि चुलीपाशी जाऊन बघत बसली. आबांनी तीच मागून घेतली. म्हटलं, दोन्ही पाठवू.
"तुला भईन उजवायची हाय का घरात ठिवायची?"
गालावरचे दोन वण त्यातही पुसट दिसत होते. दुकानात परतल्यावर निगेटिव्हवर पेन्सिल फिरवली, नवी प्रिंट काढली, तीच पाठवली. हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

११ फेब्रु.
मुंबईचं पत्र. पसंत. चाळीतल्या सगळ्यांना फोटो दाखवला म्हणे. मला आनंद झाला, खोटं कशाला लिहू. थोडा बहिणीसाठी, जास्त प्लेटसाठी.

९ मे
लग्न झालं. अंतरपाट खाली आला. जावयानं तिच्याकडे पाहिलं, मग मामाकडे, मग मला शोधलं. मी कॅमेऱ्यामागे, सापडायला वेळ लागला नाही. मुकाट्यानं हार घातला. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं.
जेवणानंतर जोडीचा फोटो. मी फ्लॅश लावायला घेतला. जावयानं अडवलं.
"त्यो दिवा नगं. उन्हात काढा."
भर दुपार, ऊन डोक्यावर. हौ.ची मान खाली. "वर बघ की," तो म्हणाला. बायकोशी बोललेला पहिला शब्द. काढला. ती प्लेट धुवायला हात धजत नाही.

२ जून
जावई एकटाच मुंबईला गेला. हौ. मालेला सासूपाशी.

२६ ऑगस्ट
नागपंचमीला माहेरी आलेली हौ. घरीच आहे. मालेहून न्यायला कुणी आलं नव्हतं. आज मामा आला, जावयाचं पत्र घेऊन. मलाच वाचायला लावलं. एकच ओळ ध्यानात राहिली. फोटोतली पाठवा, तिला नांदवतो.
मामा म्हणतो, "आमी काय करनार? फोटूच तसा निगाला."
म्हणजे दोष फोटोचा. मामानं तिला डोळ्यांनी पाहिलं होतं. आबांनी प्रिंट निवडली. नि पेन्सिल...
हौ. आतून ऐकत होती. चहा बाहेर आणून ठेवला.

७ सप्टें. रवि.
हौ.ला म्हटलं, खिडकीत बसवून पुन्हा काढतो, आहेस तशी. सोबत पत्र लिहितो, चूक माझी म्हणून. ती उंबऱ्याशी तांदूळ निवडत होती.
"तुला अजून फोटूच सुचतुया."
मग, "मी तवाच नगं म्हनायला पायजे हुतं. पन मलाबी ती आवडली हुती. लगीन हुईस्तोवर मी तीच हुते, दादा. आरशात बी बघत न्हवते."
गोठ्यात जाऊन बसलो. लाज याची की ती बोलत असताना दारातला उजेड तिच्या गालावर कसा पडलाय, मी तेच बघत होतो.

२० सप्टें.
बावधनचा एक जण मुलीला घेऊन आला. तिच्या गालावर भाजल्याचा डाग. "मालेवाल्यांच्या सुनंचा काडला, तसा काडा. त्या दिव्यानं." त्या सुनेचं पुढे काय झालं हे त्याला ठाऊक होतं. तरी आला. म्हटलं, खिडकीत काढतो. मुलीनंच मान हलवली, नको.
काढला.

५ ऑक्टो. रवि.
हौ. परवा एकटी चालत मालेला गेली. मामाला म्हणाली, "तुमी बगून केलंत, तुमीच मुंबैला पोचवा." आबांना हे पटलं नाही, ते आज पौडला आले नाहीत. हौ. नि मामा आज निघाले, एस.टी.पाशी मी होतो. मामा तिकिटाला गेला तेव्हा विचारलं, त्यानं ठेवलं नाही तर?
"रोज तोंड बगितलं की व्हती सवय." पिशवी सावरून, "तुमा सगळ्यास्नी झाली न्हवं?"
मी हो म्हणालो नाही. गाडी सुटेपर्यंत म्हणता आलं असतं.

१९ ऑक्टो. रवि.
पत्र नाही. आज मामा भेटला.
"खोलीच्या दारात सोडून आलो. त्यानं तिची पिशवी आत घेतली."
आणि तिला?
"ते बगायला मी थांबलो न्हाई."
घरी येऊन सांगितलं. आबा म्हणाले, पिशवी घेतली म्हंजी बरंच की. दोनदा म्हणाले.