सहा वाट्यांचा लॉट

३ फेब्रुवारी, सकाळी ७.४०
ठिणग्या. बंद केला. स्टीलची वाटी चिमट्याने बाहेर काढली. आतल्या भिंतीवर तपकिरी डाग. पुसल्यावर गेला. जवळजवळ गेला. उपमा थंड. तसाच खाल्ला.
विनता काल नागपूरला गेली. मेघनाचं पहिलं बाळंतपण, तारीख चोवीस. तिला सासू नाही, आई जवळ हवी. गॅसला मी हात लावायचा नाही, ही विनताची अट. दिवाळीत एक पातेलं करपलं होतं, त्यावरून. म्हणून मेघनाने हा मायक्रोवेव्ह पाठवला. मी विनताला शब्द दिलाय, मार्च संपेपर्यंत तुला इकडे बघावं लागणार नाही. खमरियाच्या दारूगोळा कारखान्यात चौतीस वर्षं इन्स्पेक्शनमध्ये काढली. ही तर एक पेटी.

४ फेब्रुवारी
मॅन्युअल वाचलं. छत्तीस पानं. स्टील नाही, ॲल्युमिनियम नाही, सोनेरी कड नाही. विनताने फ्रीजमध्ये आठ डबे भरून ठेवलेत. आठही स्टीलचे. तिने विचार करायला हवा होता. फोनवर बोललो नाही.

६ फेब्रुवारी
मिठाईच्या प्लॅस्टिकच्या डब्यात वरण. वरण गरम झालं, डबा एका बाजूने बसला. वरणाला वास. अर्धं टाकलं.
दुपारी कमानिया गेटच्या बाजारात गेलो. दुकानदाराने काचेचं भांडं दाखवलं. विचारलं, टेस्ट सर्टिफिकेट आहे का. म्हणाला, अंकल, पीछे लिखा तो है, माइक्रोवेव सेफ. म्हटलं, लिहायला काय, कोणीही लिहितं. म्हणाला, तो फिर अंकल, आप ही टेस्ट कर लो. हे मात्र पटलं. काही न घेता परत आलो.

७ फेब्रुवारी
शेजारच्या क्षमाने गच्चीवरून विचारलं, काका, काहून इतका त्रास करून घेऊन राहिले? आमच्याकडे स्वयंपाक होतोच ना, चार पोळ्या जास्त. नको म्हणालो. क्षमा आणि विनता रोज व्हॉट्सॲपवर असतात. डबा घेतला की तासाभरात नागपूरला कळणार, काका नापास.
संध्याकाळी डबा आलाच. परत पाठवणं बरं दिसलं नसतं. वांग्याची भाजी. चांगली होती. रिपोर्टमध्ये धरत नाही.

९ फेब्रुवारी
पद्धत ठरली. काचेच्या ग्लासात पाणी, शेजारी रिकामं भांडं, एक मिनिट. पाणी तापलं आणि भांडं थंड राहिलं तर पास. भांडं तापलं तर रिजेक्ट. पास भांड्याच्या तळाला हिरवा ठिपका, रिजेक्टला लाल. विनताचं नेलपॉलिश लाल आहे. हिरवं नाही. पास भांडी बिनठिपक्याची.

१० फेब्रुवारी
सकाळपासून सात भांडी. सातही रिजेक्ट. मातीचं कुल्हड, सोनेरी कडेचे कप, सगळं लाल. जेवायला केळी.

११ फेब्रुवारी
कपाटात पांढऱ्या वाट्या सापडल्या. निळी वेल. सहा. लग्नातल्या. एक तपासली. पाणी कडकडीत, वाटी थंड. पास.
बाकी पाच तपासल्या नाहीत. एक डिझाइन, एक सेट, एक लॉट. सॅम्पल पास तर लॉट पास. दोन वाट्या हातात जरा हलक्या लागल्या. इतका फरक चालतो.

१३ फेब्रुवारी
पहिल्याच वाटीत सलग दोन दिवस गरम जेवण. वरण दोन मिनिटं, भात दीड. विनताला फोनवर सगळे आकडे दिले. ती म्हणाली, बरं. मेघनाच्या पायांना सूज आहे म्हणाली. मी दुधाचे आकडे सांगत होतो. मेघनाशी बोलायचं राहिलं. उद्या.

१५ फेब्रुवारी
पहिली वाटी घासायची राहिली. दुसरी घेतली. तीही ठीक. आजही मेघनाशी बोलायचं राहिलं.

१६ फेब्रुवारी, दुपारी १.१५
चौथी वाटी. कढी, तीन मिनिटं. दरवाजा उघडला, नेहमीसारखी हातात घेतली. वाटी निखारा. सुटली. कढी पायावर, ओट्यावर, मॅन्युअलवर. वाटीला उभा तडा. जळक्या प्लॅस्टिकचा वास. उजव्या हाताची तीन बोटं.
विनताला फोन करून काय झालं ते सांगितलं. तक्रार म्हणून नाही. लॉटबद्दल एक माहिती हवी होती.
ती म्हणाली, अहो, त्या सगळ्या एकाच सेटच्या कुठे आहेत? दोन फुटल्या होत्या. तुमच्याच हातून, एकदा क्रिकेट बघताना. तशाच दिसणाऱ्या दोन मी नंतर आणून ठेवल्या, मेलामाइनच्या. नऊ वर्षं त्यातच तर खाऊन राहिले तुम्ही.
लॉटमध्ये बाहेरचा माल मिसळायचा तर इन्स्पेक्टरला कळवायला हवं, असं मी म्हणालो.
तिने विचारलं, हात किती भाजलाय.
थोडा, म्हणालो. पेन धरता येत नाही, एवढंच. हे डाव्या हाताने लिहितोय.
ती म्हणाली, डॉक्टर अजून आठवडा म्हणतात. रात्रीच्या बसने येते, तुमची काही सोय लावते, परवा परत.
नको, असं मी स्पष्ट म्हणालो. मग बस किती वाजता पोचते ते विचारलं.

१७ फेब्रुवारी
सकाळी साडेपाचला विनता रिक्षातून उतरली. माझ्या बोटांना मलम लावलं. तिचा फोन वाटेत बंद पडला होता. चार्जिंगला लावला. जावयाचे नऊ मिस्ड कॉल. बस सुटल्यावर अर्ध्या तासात मेघनाला दवाखान्यात नेलं. पावणेतीनला मुलगी झाली. बस तेव्हा लखनादौनला चहासाठी थांबली होती. दोघी ठीक आहेत. मेघना आईला विचारत होती.
विनताने बॅग उघडली नाही. मीपण येतो, म्हणालो. ती म्हणाली, तिथे आता एक लहान आहे, दुसरं नको.
सव्वाआठच्या बसने परत गेली.